कांडीवरचं टिंब

शाळेत मराठी शिकवून शिकवून मला एक खोड लागली आहे. लग्नपत्रिका हातात आली की मी मुहूर्त नंतर बघते, आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. दुकानाच्या पाटीवर, टेम्पोच्या पाठीवर, औषधाच्या चिठ्ठीवर, कुठंही चूक दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो. नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी दारावरची पाटी दुरुस्त केल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाहीस. म्हणू दे. पण एका डिसेंबरात या खोडीनं जो घोटाळा केला तो मी स्वतःच्या तोंडानं सांगितलेला बरा, कारण वडगावात तो अजून माझ्यामागे मीठमसाला लावून सांगतात.

बेळगावात एका जुन्या दगडी इमारतीत एक लहानसं म्युझियम आहे. वर मंगळुरी कौलं, आत नांगर, तेलाचा घाणा, पितळेची मापं, आणि उजवीकडच्या खोलीत एक हातमाग. तो माग आमचा. म्हणजे आमचा होता. वडगावातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा होता, त्यात पाय सोडून आप्पा, म्हणजे माझे वडील, विणायला बसत. शेजारी भिंतीला टेकून आई रहाटावर कांड्या भरायची. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांना सांगते, कांडी म्हणजे बोटाएवढी नळी. तिच्यावर रहाटानं धागा गुंडाळायचा, ती लाकडी धोट्यात बसवायची, आणि तो धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडं पळवायचा. आई कांड्या भरायची, आप्पा रिकाम्या करायचे. रिकामी झालेली कांडी ते मागं न बघता टाकायचे आणि ती बरोबर आईच्या टोपलीत पडायची. दोघांत बोलणं फारसं नसायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे आईवडील असंच बोलतात, कांड्या टाकून.

आप्पा गेले तेव्हा मागावर अर्धी साडी होती, डाळिंबी रंगाची. वर्षभर ती तशीच राहिली. भाऊ उद्यमबागेत कारखान्यात कामाला, त्याला विणायला येत नाही, आणि त्याच्या पोरांना अभ्यासाला जागा हवी होती. मीच म्हटलं, म्युझियमला देऊ, निदान नीट राहील. आईला विचारलं. ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नको', हे मला जन्मापासून माहीत होतं. पण त्या वेळी मी सोयीचं तेवढं ऐकलं. आई आठ दिवसांसाठी जांबोटीला मावशीकडे गेली आणि तेवढ्यात आम्ही माग उतरवला.

टेम्पोबरोबर म्युझियमच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. धारवाडकडच्या, तिशीच्या आतल्या, घरी कन्नड. मराठी त्या बेळगावात आल्यावर शिकल्या, जिद्दीनं, पण लिंगं काही केल्या जमेनात.

"तुमची माग खूप छान आहे," त्या म्हणाल्या.

"तुमचा माग," मी लगेच म्हटलं. घरातून वस्तू जात होती आणि मी व्याकरण शिकवत होते. "माग पुल्लिंगी. तो माग. मी माग दिला, तुम्ही माग घेतला."

"हौदा? असं का? तुमचा माग. मी लक्षात ठेवतो."

"ठेवते."

"ठेवते," म्हणत त्या हसल्या. मग धोटा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "याच्यात काही नाही?"

"कांडी संपली असेल," मी म्हटलं आणि धोटा गोणपाटात गुंडाळला.

आई परत आली तेव्हा तिच्या हातात मावशीनं दिलेल्या तांदळाची पिशवी होती. ती उंबऱ्यातच थांबली. खड्ड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"दिलास?" ती म्हणाली.

"अगं, तुला विचारलं होतं की..."

ती आत गेली, तांदूळ डब्यात ओतले, चहा ठेवला. त्यानंतर तीन वर्षं ती मागाबद्दल एक शब्द बोलली नाही. भावानं खड्डा बुजवून वर फरशी घातली, तर आई त्या चार फरश्यांवर पाय ठेवीना. दाराकडं जाताना, न्हाणीकडं जाताना वळसा घालायची. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारीचा गुडघा धरलाय. मी पाच-सहा वेळा म्हटलं, चल, एकदा म्युझियम बघून ये, किती छान मांडलाय बघ. एकदाच तिनं उत्तर दिलं. "आपल्या माणसाला परक्याच्या घरात बसलेलं बघाय मी कशाला येऊ?" आपल्याला वाईट वाटतं तेव्हा वाटतं म्हणावं, म्हणून लिहिते. त्या तीन वर्षांत मला आईच्या घरी गेल्यावर चोरासारखं वाटायचं. वळसा मीही घालायला लागले होते.

तर तो डिसेंबर. सकाळी नऊपर्यंत धुकं, पोरं माकडटोप्या घालून शाळेत यायची आणि हजेरी देताना तोंडातून वाफ निघते का ते बघायची. म्युझियमच्या मॅडमचा फोन आला. रविवारी सकाळी मुलांसाठी 'थंडीतल्या परीकथा' असा कार्यक्रम करायचा होता. मी मराठीत गोष्ट वाचायची, त्या कन्नडमध्ये सांगणार, आणि मग सगळ्यांनी मिळून हातानं काहीतरी करायचं. मी लगेच हो म्हटलं. मग त्यांनी शाळांना पाठवायची सूचना मला तपासायला दिली. दिली म्हणजे काय, मीच मागून घेतली.

सूचनेत लिहिलं होतं, 'येताना प्रत्येक मुलानी एक काडी आणावे. त्याला जादू आपण येथे लावूया.'

माझं लाल पेन खूश झालं. 'मुलानी'चं 'मुलाने' केलं, 'आणावे'चं 'आणावी', 'त्याला'चं 'तिला'. आणि मग काडी.

"मॅडम, परीकडं काडी नसते. कांडी असते. जादूची कांडी. 'का'वर टिंब."

"पण मला काडीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "खराट्याची असते ना, एक फूट लांब. त्याच्यावर चांदणी चिकटवायची."

"अहो, काडी म्हटलं तर पोरं काड्यापेटी घेऊन येतील. शिवाय काडी लावणं, काडी टाकणं, मराठीत काडीचे सगळे धंदे वाईट."

त्यांनी क्षणभर विचार केला. "तुम्ही टीचर आहात. टिंब द्या मग."

मी टिंब दिलं. शेवटचं वाक्यही जरा सजवलं. सूचना अशी गेली: 'येताना प्रत्येक मुलाने एक कांडी आणावी. तिच्यात जादू आपण इथे घालू.' ती चार शाळांना गेली, त्यातली एक वडगावची. तिथून ती सगळ्या आयांच्या फोनवर गेली. आता तुम्ही म्हणाल, विणकराची पोर तू, कांड्यांच्या टोपलीशेजारी वाढलीस, तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? खरंच आलं नाही. हातात लाल पेन असलं की मला शब्द पुस्तकातले दिसतात, घरातले दिसत नाहीत.

रविवारी दहाला म्युझियमच्या अंगणात पोरांचा नुसता कालवा. तीसेक असतील. वीसेक वडगावची, बाकीची टिळकवाडी आणि कॅम्पातली. मॅडमनी जमखाना उजवीकडच्या खोलीत अंथरला होता, कारण सकाळचं ऊन तिथंच येतं. पोरं गोल करून बसली. मी खुर्चीवर, माझी पाठ मागाकडे. म्युझियमला खड्डा खणता आला नाही म्हणून त्यांनी लाकडी ओटा बांधून त्यात माग बसवलाय, शेजारी आईचा रहाट, पुढं दोरी, आणि दोरीला पाटी: हात लावू नये, तीन भाषांत. डाळिंबी साडी अजून ताण्यावर आहे तशीच.

"चला," मी म्हटलं, "काढा बघू आपापल्या कांड्या."

स्वेटरच्या खिशांतून, टिफिनच्या पिशव्यांतून, एकीच्या तर माकडटोपीतून कांड्या निघाल्या. खऱ्या. धाग्यानं गच्च भरलेल्या. यंत्रमागाच्या प्लास्टिकच्या, हातमागाच्या लाकडी, मोरपंखी, राणी, आंब्याच्या रंगाच्या, दोन जरीच्या. वीस पोरांनी वीस कांड्या हात वर करून दाखवल्या. टिळकवाडीच्या दोघींकडं दुकानातल्या लाइट लागणाऱ्या छड्या होत्या, आणि वडगावच्या कांड्या बघून त्यांनी त्या लाजून पाठीमागं लपवल्या. सदलग्याहून मामाकडं आलेल्या एका पोरीनं उसाची कांडी आणली होती, पेरापासून नीट तोडलेली. तिच्या गावाकडं कांडी म्हणजे तीच, शेतात लावायची.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. "टीचर, ह्या काय?"

"कांड्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

त्यांनी एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्या अशा हसायला लागल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पोरं कशाला हसायचं ते न कळताही हसली. हसण्याची लाट ओसरल्यावर मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी काड्या पण आणून ठेवली आहे. दोन खराटे तोडून." ती 'ठेवली' मी गिळली. त्या दिवशी दुसऱ्याची चूक काढायला मला तोंड नव्हतं.

पण मी वर्गात बरीच वर्षं काढली आहेत. घरून तयार करून आणलेली गोष्ट मी दोन ओळी वाचून परत पर्समध्ये ठेवली. त्यातल्या दुसऱ्याच ओळीत बर्फ पडत होता आणि मी 'बर्फ' म्हटल्यावर पहिला प्रश्न आला होता, "गोळ्याचा?" आणि दुसरा, "कालाखट्टा?" तेव्हा बर्फ रद्द केला, धुकं आणलं. माझी परी डोंगरात राहणारी विणकर झाली. थंडीत डोंगर कुडकुडायला लागतात तेव्हा ती त्यांच्यासाठी धुक्याची चादर विणते. एका वर्षी चादर अर्धी झाली आणि तिची कांडी संपली. आता? वडगावची पोरं एका आवाजात ओरडली, "दुसरी भरायची!" मॅडमनी ते कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या ती दुसऱ्यांदा ओरडली.

"पण भरणार कोण?" मी म्हटलं. "परीला विणता येतं, कांडी भरता येत नाही. मग ससा, माकड, गवा, सगळे एकेक हात धागा घेऊन उभे राहिले. आपणही राहू या."

आता सगळ्यांनी मिळून एक धागा धरायचा, तर कांडी कुणाची घ्यायची? माझ्या अगदी जवळ आईच्या शेजारची पोर बसली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिनं कांडी रुमालात गुंडाळून आणली होती. जुनी लाकडी कांडी, थोडाच धागा उरलेला, पण रंग सगळ्यांत सुंदर.

"कुणाची गं?"

"आज्जीची."

तिची आजी कांड्या भरते हे मला ठाऊक होतं. मी कांडी घेतली, टोक काढलं, पहिल्या पोराच्या बोटाला एक वेढा दिला, मग दुसऱ्याच्या. धागा जमखान्याभोवती फिरत गेला, बोटाबोटावरून, आणि गोष्टही तशीच पुढं सरकत गेली. तिसाव्या बोटापर्यंत पोचेपोचेतो कांडी रिकामी झाली. शेवटचं टोक शेजारच्या त्या पोरीच्या बोटाला बांधून मी तिच्याशेजारी उभी राहिले, रिकामी नळी हातात. डाळिंबी रंगाचं एक मोठं वर्तुळ उन्हात चमकत होतं. माझ्या पाठीमागं वीतभर अंतरावर त्याच रंगाची साडी होती आणि मी वळून बघितलं नाही.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. आईच्या शेजारचे अण्णा, त्या पोरीचे वडील, धापा टाकत आत आले.

"बाई, काय चिठ्ठी पाठवलीसा! माझा माग बंद पडलाय. भरलेल्या कांड्या हिनं आख्ख्या गल्लीच्या पोरांस्नी वाटल्या. लग्नाची साडी हाय मागावर, दुपारी माणसं येत्यात."

मी तोंड उघडणार, तोच त्यांच्या मागून आई आत आली.

तीन वर्षांत जी आली नाही ती आली होती. स्वेटरची गुंडी खालीवर लागलेली, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात वहिनीची. तिनं म्युझियमकडं बघितलंच नाही. पोरांच्या डोक्यांवरून ती त्या पोरीलाच शोधत होती.

"माझी कांडी कुठाय?"

"कुठली गं, आई?"

"त्यांची. धोट्यातली. त्ये गेले त्या दिवशी मी काढून ठिवलती, देवाम्होरं."

धोटा रिकामा का होता, हे मला तेव्हा कळलं. त्या वेळी गोणपाटात गुंडाळताना मी विचारायला हवं होतं. आईनं भरलेली आणि आप्पांनी अर्धी विणलेली ती शेवटची कांडी होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं रिकामी केली होती, परीची गोष्ट सांगत, हसत हसत. एकदा माग, आता ही. मी नळी पुढं केली. "आई, धागा... मीच सोडला गं," एवढंच म्हणता आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पोरांनी पाहिलं.

आईनं नळी बघितली. मग धाग्यावरून तिची नजर फिरायला लागली. या बोटावरून त्या बोटावर, टोपीवाल्याकडून वेणीवालीकडं, हळूहळू पूर्ण फेरी. फेरी संपली तिथं मागं माग होता. मला वाटलं, आता ती वळेल आणि जाईल.

"कुणी हलायचं न्हाय," आई म्हणाली.

मग तेच तिनं कन्नडमध्ये म्हटलं. कॅम्पातली पोरंसुद्धा ताठ झाली.

ती दोरीपाशी गेली. तिला तिन्ही भाषांतली पाटी वाचता येत नाही. "पोरी, ह्ये काढ," ती मॅडमना म्हणाली, आणि मॅडमनी एका क्षणात दोरी सोडली, पाटी काढून पालथी भिंतीला टेकवली. आई रहाटाशी बसली. गुडघा दुखतो असं जे लोक म्हणत, त्यांनी तिचं ते मांडी घालणं बघायला हवं होतं. तिनं रहाट एकदा मोकळा फिरवला. तो करकरला. "तेल न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि केसांवरून तळवा फिरवून तो चातीला, म्हणजे नळी बसते त्या सळीला, पुसला. नळी चातीवर बसवली. माझ्याकडं हात केला. मी पोरीच्या बोटावरची गाठ सोडून टोक आईच्या हातात दिलं.

"आता मी सोड म्हणीन त्यानंच बोट काढायचं."

रहाट फिरायला लागला. धागा सरसरत येऊ लागला. "सोड... तू सोड... तू थांब गं, घाई नको... आता सोड." एकेक बोट मोकळं होत गेलं. मोकळी झालेली पोरं न सांगता आईच्या भोवती येऊन बसली. सदलग्याच्या पोरीचं बोट उसाच्या रसानं चिकट होतं, तिथं धागा तुटला. तिचा चेहरा पडला. आईनं रहाट न थांबवल्यासारखा थांबवला, बोटं जिभेला लावली, दोन टोकं फिरवली, आणि गाठ कुठं आहे हे नंतर कुणाला सापडलं नाही. "ऊस गोड हाय का गं?" तिनं विचारलं. पोरीनं मान हलवली आणि उसाची कांडी आईपुढं ठेवली.

सगळा धागा परत आला तेव्हा शेजारची ती पोर तेवढी जागची हलली नव्हती. बोट अजून पुढं धरलेलं, आणि डोळ्यांतून टिपं.

"आज्जी, मी चोरली न्हाय. जादूची कांडी आणाय सांगिटलंतं. घरात लई कांड्या हाईत, पर जादूची तुझीच तेवढी हाय. तू तिला रोज हळदीकुकू लावतीस."

आई हसली. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं हसली. अण्णा हसले, मॅडम हसल्या, मी रडता रडता हसले. हे हसणं मी विसरले होते. आप्पा एखादी कांडी चुकून टोपलीबाहेर टाकायचे तेव्हा आई असंच हसायची.

मग ती उठून मागापाशी गेली. साडीवरून उलटा तळवा फिरवला.

"धूळ झाडता न्हवं?"

"रोज, आज्जी. मी स्वतः."

"वल्या फडक्यानं न्हाय पुसायचं. सुक्क्या सुती फडक्यानं."

"हो, आज्जी."

आईनं धोटा उचलला. कांडी त्यात बसवली, टक्क आवाज झाला. धोटा तिनं साडीच्या उजव्या काठाशी ठेवला. जेवायला उठताना आप्पा तिथंच ठेवायचे. ठेवून झाल्यावर तिनं तो बोटभर आत सरकवला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आण त्या बाकीच्या. पोरांनी काय काय सोडलंय बघू दे."

पुढचे दोन तास म्युझियम म्युझियम राहिलं नाही. गडबडीत बाकीच्या कांड्यांचाही बराच धागा सुटून गुंता झाला होता. आई गुंता सोडवायची, पोरं रांगेनं रहाट फिरवायची, एकाला दहा फेऱ्या. मॅडमनी खराट्याच्या काड्या काढल्या, सोनेरी कागदाच्या चांदण्या कापल्या. ज्यांची कांडी भरून झाली त्यांनी काडीवर चांदणी चिकटवली, आणि काही अतिशहाण्यांनी चांदणी थेट भरलेल्या कांडीवर चिकटवली. अण्णा आपल्या कांड्या गोळा करून मोजत उभे होते. तीन कांड्यांवर चांदण्या.

"ही धोट्यात कशी घालू?"

"घाला," आई म्हणाली. "नवरीची साडी हाय न्हवं?"

सदलग्याच्या पोरीच्या उसावर पण एक चांदणी गेली. जाताना ती म्हणाली, घरी गेल्यावर ही मी लावणार, सगळा ऊस चांदणीचा येईल.

दुपारी मी आईला रिक्षानं घरी सोडायला निघाले. तिच्या मांडीवर मॅडमनी दिलेली खराट्याची काडी होती, चांदणी लावलेली. बाहेर ऊन पडलं होतं, आणि आमच्या गल्लीत वळता वळता मागांची खटखट ऐकू येऊ लागली.

"चिठ्ठीत कांडी कुणी लिवलंतं?" तिनं विचारलं.

"मीच. मॅडमनी बरोबर काडी लिहिलं होतं. टिंब मी दिलं." मग मी जे तीन वर्षं म्हणू शकले नव्हते ते त्या टिंबाच्या आडून म्हटलं. "नीट ऐकून न घेता द्यायला नको होतं, आई. चुकलं माझं."

आई चांदणीचं एक टोक नखानं सरळ करत होती.

"दिलास त्ये बरं केलंस," ती म्हणाली.

सवयीनं माझं तोंड उघडलं. टिंब नपुंसकलिंगी. टिंबाला 'दिलंस' म्हणतात. आणि मग तोंड तसंच मिटलं. माग पुल्लिंगी. आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण लिंगात ती आजवर एकदाही चुकलेली नाही.